आभासी मोहिमेचा सूत्रधार

१९८६ साली अमेरिकेतल्या 'लुकासफिल्म गेम्स' या कंपनीने 'हॅबिटॅट' नावाचं एक जग उभं केलं. घरच्या कमोडोर-६४ संगणकाला टेलिफोनची तार जोडायची, 'क्वांटम लिंक' या सेवेत शिरायचं आणि पडद्यावरच्या चिमुकल्या रंगीत शहरात आपलं पात्र घेऊन हिंडायचं, असा तो प्रकार होता. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर हे त्याचे कर्ते. खेळाडूंना गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी गुप्तधनाच्या शोधाची एक मोठी मोहीम आखली आणि तिच्यासाठी शंभर दृश्यांचं अख्खं बेट तयार केलं. आराखड्याला काही तास लागले, बांधणीला काही आठवडे आणि त्यातली पात्रं वठवणाऱ्यांची जुळवाजुळव करायला काही दिवस. एवढ्या तयारीनंतर खेळाडू बरेच दिवस या बेटावर रमतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात एका खेळाडूने पहिल्या पंधरा मिनिटांतच कळीचा धागा ओळखला आणि साधारण आठ तासांत कोडं सोडवून टाकलं. अनेकांना तर खेळात उतरायची संधीही मिळाली नाही.

मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी पुढे १९९० मध्ये या अनुभवांवर एक निबंध लिहिला. आभासी जगं बांधणारी मंडळी तो आजही वाचतात. त्यांचं म्हणणं असं की, अशा जगाची बारीकसारीक तपशिलांसह आधीच आखणी करून ठेवता येत नाही. खेळाडू कुठे वळतात ते पाहायचं आणि जग त्यांच्या कलाने वाढवत न्यायचं.

आज डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात महिनोन्‌महिने चालणाऱ्या भूमिका-खेळांच्या मोहिमा रंगतात, तेव्हाही हाच पेच समोर येतो. डोंगर, किल्ला, समुद्र हे सगळं यंत्र दाखवतं. पण त्यात घडणारी गोष्ट कोण चालवणार? कोणाच्या ध्यानीमनी नसलेलं काही खेळाडूने केलं, तर त्याचा निवाडा कोण देणार? हे काम करणारा माणूस म्हणजे सूत्रधार. त्याचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. मधल्या काळात संगणकाने त्याला घरी बसवलं आणि आभासी वास्तवाने त्याला पुन्हा बोलावून घेतलं.

सुरुवात प्रशियाच्या सैन्यात झाली. १८२४ साली गेओर्ग फॉन राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवर काम करून 'क्रीगश्पील' हा युद्धाचा खेळ सिद्ध केला. टेबलावर नकाशा, त्यावर सैन्याच्या तुकड्या दाखवणारे ठोकळे आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच. खेळाडूंनी आपले हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे. पंच फासे टाकून आणि तक्ते पाहून निकाल ठरवत असे आणि प्रत्येक पक्षाला तेवढंच सांगत असे, जेवढं रणांगणावर त्याला खरोखर दिसलं असतं. प्रशियाच्या जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांना हा खेळ इतका पटला की, तो सैन्यभर पोचला. पण तक्ते वाढत गेले तसा खेळ रेंगाळू लागला. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी वेगळी वाट सुचवली. तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाच्या समजुतीवर विसंबा, असं त्यांनी सांगितलं. नियमावर भरवसा ठेवायचा की नियम जाणणाऱ्या माणसावर, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

पुढचं वळण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं. १९६९ साली डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनश्टाइन' या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ बेतला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला सैन्याच्या तुकडीऐवजी एकेक माणूस आला. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यार्थ्यांचा पुढारी. खेळाडू टेबल सोडून कोपऱ्या-कोपऱ्यात कुजबुजू लागले, आपापसात कट शिजवू लागले. खेळ पार फसला, असं वेस्ली यांना वाटलं. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा खेळू या म्हणून त्यांचा पिच्छा पुरवला. त्यांच्याच मंडळीतल्या डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ पासून 'ब्लॅकमूर' नावाच्या प्रदेशात याच धाटणीचा खेळ चालवला. फरक एवढाच की, ब्लॅकमूर एका बैठकीत संपत नसे. पात्रं पुढच्या आठवड्यात परतत, तेव्हा त्यांच्या जखमा, कर्जं, वैरं आणि मैत्र्याही सोबत असत. विस्कॉन्सिनच्या लेक जिनीव्हा गावातल्या गॅरी गायगॅक्स यांच्याशी आर्नेसन यांनी हातमिळवणी केली. जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पहिली हजार प्रतींची आवृत्ती निघाली. भूमिका-खेळांतल्या 'कॅम्पेन'ची, म्हणजे बैठकीमागून बैठक पुढे सरकणाऱ्या मोहिमेची, घडी तिथून बसली.

हा खेळ टेबलावर कसा चालतो, ते एका प्रसंगातून पाहू. सूत्रधार सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून धूर येतोय." एक खेळाडू विचारते, "कसला धूर? नुसत्या लाकडाचा, की आत काही भाजतंय?" सूत्रधाराच्या वहीत फक्त 'धूर' एवढाच शब्द असतो. तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "भाजतंय. मासा असावा." झालं. आता गुहेत कोणीतरी स्वयंपाक करतंय. म्हणजे आतला प्राणी निव्वळ हिंस्र पशू नाही. म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. लढाईसाठी आखलेली संध्याकाळ वाटाघाटीत जाते. गोष्टीला हे वळण सूत्रधाराने दिलं नाही आणि त्या खेळाडूनेही एकटीने दिलं नाही. एकीने विचारलं, दुसऱ्याने क्षणात उत्तर दिलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ते मान्य केलं. मोहिमेचा सगळा डोलारा या तीन गोष्टींवर उभा असतो.

संगणकाने यातली मधली गोष्ट स्वतःकडे घेतली. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने पीडीपी-१० संगणकावर 'मड' हा खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर वर्णनाची अक्षरं उमटत आणि खेळाडू 'उत्तरेला जा', 'काठी उचल' अशा आज्ञा टंकत. एकाच वेळी अनेकजण एकाच जगात वावरत होते, हे त्यातलं नवल. निवाडा आता प्रोग्रॅम देत होता. तो दमत नव्हता, पक्षपात करत नव्हता, मध्यरात्रीही हजर असायचा. पण लिहिणाऱ्याने ज्याचा विचार केलेला नाही, अशा प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसे. धूर कसला, हे आधी लिहून ठेवलं नसेल तर धूर नुसताच धूर राहत असे. गंमत अशी की, 'मड'मध्ये पुरेसे गुण मिळवणारा खेळाडू 'विझर्ड' होई आणि त्याला जगात ढवळाढवळ करण्याचे खास अधिकार मिळत. समोरच्या दाराने बाहेर काढलेला सूत्रधार असा मागच्या दाराने आत येत राहिला.

'हॅबिटॅट'मध्ये त्याची गरज किती आहे, हे एका बंदुकीने दाखवून दिलं. तिथल्या एका भुयारात 'मृत्यू' नावाचं पात्र आव्हान देत उभं असे. ते चालकांपैकीच कोणीतरी वठवत असे आणि त्याच्याजवळ एका गोळीत समोरच्याला गारद करणारी बंदूक होती. अशी बंदूक सामान्य खेळाडूंपैकी कोणाकडेही नव्हती. एकदा चालकाच्या हातून चूक झाली. खेळाडूने 'मृत्यू'लाच लोळवलं आणि खेळाच्या नियमानुसार बंदूक त्याच्याकडे गेली. चालकाने ती परत मागितली. दिली नाहीस तर तुझं खातंच बंद करू, असा धाकही घातला. तांत्रिकदृष्ट्या ते सहज शक्य होतं, पण खेळाडूच्या दृष्टीने ती सरळसरळ लबाडी होती. त्याने नियमाने मिळवलेली वस्तू नियमाबाहेरच्या ताकदीने हिसकावली जात होती.

दुसऱ्याच रात्री पुन्हा तेच घडलं. या वेळी चालकांनी आपलं सोंग उतरवलं नाही. त्यांनी 'मृत्यू'च्या भूमिकेतूनच त्या खेळाडूशी बोलणी केली, दहा हजार टोकन खंडणी ठरवली आणि ती भर चौकात, गाजावाजा करून मोजली. बंदूक परत आली, खेळाडू श्रीमंत झाला आणि गावाला चघळायला एक किस्सा मिळाला. तांत्रिक अडचण एकच होती. पहिल्या वेळी चालकांनी ती व्यवस्थापक म्हणून सोडवली, दुसऱ्या वेळी सूत्रधार म्हणून.

खेळाडू आपल्या बाजूने काय करू शकतात, हे २००० साली 'अॅशरन्स कॉल' या ऑनलाइन खेळात दिसलं. दर महिन्याला खेळाच्या कथानकात नवी भर पडत असे. त्या वर्षीच्या कथेत एक दुष्ट शक्ती स्फटिकांत कोंडलेली होती. खेळाडूंनी लढता लढता ते स्फटिक फोडायचे आणि ती शक्ती मोकळी व्हायची, असं कर्त्यांनी योजलं होतं. बाकीच्या सर्व्हरांवर तसंच झालं. 'थिसलडाउन' नावाच्या सर्व्हरवर मात्र खेळाडूंनी उलटा पवित्रा घेतला. स्फटिक फुटला तर जगावर संकट येणार, मग तो वाचवायलाच हवा, असं ठरवून त्यांनी पहारा बसवला. फोडायला येणाऱ्यांना ते परतवून लावू लागले. अखेर कर्त्यांना स्वतः खेळात उतरून पहारेकऱ्यांना हटवावं लागलं आणि मग कथा ठरल्या मार्गाने पुढे गेली. पण हा हट्ट त्यांनी विसरू दिला नाही. फक्त त्या एका सर्व्हरवर रक्षकांचं स्मारक उभारलं गेलं. टेबलावरच्या सूत्रधाराने कदाचित अख्खं कथानकच बदललं असतं. हजारो खेळाडूंसाठी आधीच कार्यक्रम लिहून बसलेल्या कंपनीला तेवढी मुभा नव्हती.

ही सगळी जगं सपाट पडद्यावरची होती. आभासी वास्तवाने खेळाडूला पडद्याच्या आत नेलं. २०१२ च्या उन्हाळ्यात पामर लकी यांच्या 'ऑक्युलस रिफ्ट' या हेडसेटसाठी लोकवर्गणीतून सुमारे चोवीस लाख डॉलर जमले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१९ मध्ये संगणकाशिवाय चालणारा 'क्वेस्ट' हेडसेट आला आणि हे तंत्र प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात पोचलं.

आत गेल्यावर माणसाचं नेमकं काय होतं, यावर बराच अभ्यास झाला आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेड ब्रुक्स यांच्या गटाने २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. हेडसेट घातलेली व्यक्ती एका साध्या आभासी खोलीतून शेजारच्या खोलीत जाते. तिथे जमीनच नाही. भिंतीलगत अरुंद कठडा आणि मध्ये खोल खड्डा, ज्याच्या तळाशी खालच्या मजल्यावरची खोली दिसते. हे खोटं आहे, आपण प्रयोगशाळेत सपाट जमिनीवर उभे आहोत, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी छातीचे ठोके वाढले. मग संशोधकांनी खऱ्या जमिनीवर दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवली, म्हणजे पावलाला कठड्याची कड जाणवेल. ठोके आणखी वाढले.

मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये या अनुभवाचे दोन भाग पाडले. एक, 'मी त्या जागी आहे' हा भास. मान वळवली की दृश्य वळतं, खाली वाकलं की टेबलाखालचं दिसतं, तेव्हा हा भास होतो आणि तो देणं हे यंत्राचं काम आहे. दुसरा, 'इथे जे चाललंय ते खरंच चाललंय' हा भास. समोरचं जग आपली दखल घेतं, आपल्या बोलण्या-वागण्याला साजेसा प्रतिसाद देतं, तेव्हाच तो टिकतो. पहिला भास क्षणभर तुटला तरी पुन्हा जुळतो. दुसरा एकदा तुटला की परत येणं कठीण, असं स्लेटर यांचं मत आहे. यात मोहिमेच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट आहे. हेडसेट कितीही महाग घेतला तरी तो पहिलाच भास विकत मिळतो. सरायच्या मालकाला तुम्ही काहीही विचारलं आणि तो तीच तीन वाक्यं घोकत राहिला, तर त्याच्या डोळ्यांतली चमक कितीही हुबेहूब असो, दुसरा भास तिथेच संपतो.

त्यामुळे आभासी मोहिमांचे जुने-जाणते खेळाडू मालकाच्या जागी माणूस उभा करतात. 'व्हीआरचॅट' हे २०१७ पासून 'स्टीम' या खेळांच्या ऑनलाइन दुकानात उपलब्ध असलेलं सामाजिक आभासी जग अशा खेळासाठी सोयीचं ठरलं आहे. कारण तिथली जगं आणि पात्रं बहुतेक करून वापरणाऱ्यांनीच घडवलेली असतात. युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये आपली सराय किंवा किल्ला बांधायचा, तो चढवायचा आणि फक्त बोलावलेल्यांनाच प्रवेश असलेली त्याची खासगी प्रत उघडायची. सूत्रधार क्षणात अवतार बदलू शकतो. आत्ता गल्ल्यावर बसलेली म्हातारी, पुढच्या क्षणी दार ठोठावणारा शिपाई. आवाज दुरून ऐकू येत नाही. अंतर वाढलं की तो विरत जातो. त्यामुळे चारजण शेकोटीजवळ बोलत असताना दोघं अंधारात जाऊन खरोखर कट शिजवू शकतात. ब्राउनश्टाइनच्या कोपऱ्यातली कुजबुज इथे कोणी मुद्दाम योजावी लागत नाही.

अडचणीही तितक्याच ठोस आहेत. सूत्रधार मोठ्या हौसेने अजस्र ड्रॅगन होऊन अवतरतो. पण त्या ड्रॅगनची हलकी आवृत्ती तयार केलेली नसेल, तर नुसत्या क्वेस्टवर खेळणाऱ्याला त्याच्या जागी भलतंच बदली पात्र दिसतं. एका जगातून दुसऱ्यात जायला दार उघडलं की प्रत्येकाचं नवं जग आपापल्या वेगाने उतरतं. तिघं किल्ल्यात पोचतात आणि चौथा प्रतीक्षेच्या पडद्यावर अडकलेला असतो. शिवाय चेहऱ्यावर अर्धा किलो वजन घेऊन बसायचं आणि दोन-तीन तासांत बॅटरी संपायची. बैठकीची लांबी कथेपेक्षा यावरच ठरते.

सगळ्यात मोठी अडचण खर्चाची आहे. टेबलावर सूत्रधार म्हणाला, "समोर सात मजली मनोरा जळतोय," की मनोरा उभा राहिला. शब्दाला दमडी पडत नाही. आभासी जगात तो मनोरा आधी कोणीतरी बांधलेला असावा लागतो. खेळाडूंनी तिकडे पाठ फिरवून भलत्याच रस्त्याने जायचं ठरवलं, तर त्या रस्त्यापुढे काहीच नसतं. 'हॅबिटॅट'मधल्या गुप्तधनाच्या बेटावर मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांची जी गत झाली, तीच इथे घरगुती पातळीवर होते. यावर उतारा म्हणजे तयारीची पद्धत बदलणं. सिंधुदुर्ग-गोव्यातल्या दशावतारी नटाला रात्रीचं आख्यान पक्कं ठाऊक असतं, पण संवाद लिहून दिलेले नसतात. ते तो समोरच्या पात्राच्या बोलण्यावर रंगमंचावरच रचतो. चांगला सूत्रधार तसाच तयार असतो. तो मोजक्याच जागा बांधतो आणि माणसं मात्र भरपूर तयार ठेवतो. कोणाला काय हवंय, कोण कोणाला घाबरतो, कोणाचं कर्ज कोणावर आहे, हे ठाऊक असलं की एकच सराय दहा बैठका पुरते.

दुसरा प्रश्न शरीराचा. टेबलावर लाजराबुजरा माणूस बेधडक योद्धा होऊ शकतो, कारण तलवारीचा वार लागला की नाही हे त्याचा हात ठरवत नाही, वीस बाजूंचा फासा आणि पात्राचं कसब ठरवतं. आभासी जगात हातात नियंत्रक असतात. वार खरोखर करता येतो. मग ज्याचा हात चपळ, त्याचंच पात्र शूर ठरायचा धोका उभा राहतो.

हा धोका किती गंभीर आहे, ते मॅट्स स्टेन या नॉर्वेच्या तरुणाच्या कथेतून उमगतं. स्नायू क्षीण करत नेणाऱ्या ड्युशेन या आजारामुळे त्याची हालचाल खुंटली होती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या सपाट पडद्यावरच्या खेळात मात्र तो 'इबेलिन' होता. तिथे तो धावायचा, तपास करायचा, 'स्टारलाइट' या गटातल्या मित्रांच्या भांडणात मध्यस्थी करायचा. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या आईवडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी दिली, तेव्हा कोठून कोठून पत्रं येऊ लागली. अंत्यविधीला वेगवेगळ्या देशांतून खेळाडू आले. आपल्या मुलाचं केवढं मोठं गणगोत होतं, हे त्या घराला तेव्हा कळलं. खेळाने त्याच्या खऱ्या हातांच्या ताकदीची परीक्षा घेतली असती, तर इबेलिन घडलाच नसता. म्हणून आभासी मोहिमा चालवणारे पुष्कळ गट फासे टाकून देत नाहीत. ते त्या जगातच, सरायच्या टेबलावर ठेवतात. स्वीडनच्या 'रेझोल्यूशन गेम्स'ने २०२१ मध्ये आणलेल्या 'डेमियो' या खेळातही पट, सोंगट्या आणि हाताने फेकायचा फासा तसाच आहे.

शरीर आत आलं की शरीराला होणारा त्रासही आत येतो. २०१६ मध्ये 'क्विव्हर' या धनुष्यबाणाच्या आभासी खेळात एका स्त्री-खेळाडूच्या पात्राला दुसऱ्या खेळाडूने नको तिथे हात लावण्याचा सपाटा लावला. तिने हा अनुभव लिहिला. तो वाचून खेळाच्या कर्त्यांनी आपल्या परीने उपाय केला. खेळाडूने एक विशिष्ट हावभाव केला की तिच्याभोवती संरक्षक कवच तयार व्हावं आणि जवळ येणारे दूर लोटले जावेत, अशी सोय त्यांनी केली. २०२२ मध्ये मेटानेही, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकनेही, आपल्या आभासी जगात दोन पात्रांमध्ये सुमारे चार फुटांचं अंतर राखणारी सीमा आणली. टेबलावरच्या खेळात यासाठी आणखी साधा तोडगा रूढ आहे. जॉन स्टाव्हरोपूलोस यांनी सुचवलेली 'एक्स-कार्ड' ही पद्धत अशी की, टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. एखादा प्रसंग कोणाला सहन होत नसेल तर त्याने कार्डाला हात लावायचा. प्रसंग तिथेच बदलतो आणि कारण कोणी विचारत नाही. हेडसेटमध्ये चेहऱ्यावरची अस्वस्थता दुसऱ्याला दिसत नाही, त्यामुळे अशा खुणेची गरज इथे अधिकच आहे. कवच उघडणं हे यंत्राचं काम झालं. प्रसंग बदलून खेळ पुढे नेणं मात्र सूत्रधाराचंच.

जिवंत सूत्रधार आभासी जगात काय करू शकतो, याचा नितांत सुंदर नमुना म्हणजे लॉस एंजलिसच्या 'टेंडर क्लॉज' या संस्थेचं 'द अंडर प्रेझेंट्स'. २०१९ च्या नोव्हेंबरात ते आलं. यात खेळाडू मुखवटा आणि काळा झगा घातलेली मूक आकृती असतो. त्याला बोलता येत नाही. तो हातवारे करतो, चुटकी वाजवतो. त्याच जगात अधूनमधून खरे नट यायचे. समोरचं पात्र आधी लिहून ठेवलेलं आहे की या क्षणी कोणी माणूस ते वठवतोय, हे खेळाडूला काही वेळाने उमजायचं, कारण ते पात्र त्याच्या हातवाऱ्यांना उत्तर देऊ लागायचं. २०२० मध्ये महासाथीने नाट्यगृहं बंद पडली, तेव्हा याच जगात शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट'वर बेतलेला प्रयोग झाला. एक नट आपल्या घरातून हेडसेट चढवून प्रॉस्पेरो व्हायचा. मोजके तिकीटधारक शेकोटीभोवती जमायचे आणि तो त्यांना बाकीच्या भूमिका वाटून द्यायचा. प्रेक्षकांना वाचा नव्हती, त्यामुळे वादळ त्यांनी हातांनी उभं करायचं, प्रेम मानेच्या हालचालीने दाखवायचं. सुमारे पाऊण तासाचा हा प्रयोग दर वेळी वेगळा व्हायचा. बांधलेलं जग तेच होतं. बदलायची ती माणसं.

आता या जागेवर यंत्राने पुन्हा दावा सांगितला आहे. २०१९ मध्ये निक वॉल्टन यांनी भाषा-प्रारूपाच्या जोरावर चालणारा 'एआय डन्जन' हा खेळ आणला. त्यात खेळाडूने काहीही टंकलं तरी गोष्ट पुढे सरकते. धूर कसला, हे विचारलं तर उत्तर मिळतं. 'मड'च्या प्रोग्रॅमला जे जमत नव्हतं ते याला जमतं, आणि ही मोठी मजल आहे. पण सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये थोडं पुढे गेल्यावर मागचं विस्मरणात जायचं. मेलेला शिपाई पुन्हा दारात उभा राहायचा. स्मरणशक्ती सुधारता येईल आणि सुधारतेही आहे. टेबलावरच्या सूत्रधाराचं आणखी एक काम असतं. आज ती खेळाडू गप्पगप्प का आहे, हे ओळखून तिच्या पात्राकडे गोष्ट वळवणं. मोहीम महिनोन्‌महिने टिकते ती या लक्ष देण्यामुळे. अजून तरी हे काम माणसंच करत आली आहेत.

मोहीम टिकण्यात आणखी एक मोठा अडसर आहे. ज्या जगात ती चालते, ते जग दुसऱ्याच्या मालकीचं असतं. 'अॅशरन्स कॉल' ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद झाला आणि थिसलडाउनवरचं स्मारकही त्याबरोबर गेलं. मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेलं 'आल्टस्पेसव्हीआर' १० मार्च २०२३ रोजी बंद झालं. सर्व्हर थांबला की किल्ला, सराय, शेकोटी सगळं एका क्षणात नाहीसं होतं. मागे काय राहतं, ते कोणी काय जपलं यावर ठरतं. इबेलिनच्या आयुष्यावर २०२४ मध्ये बेन्यामिन रे यांनी माहितीपट केला. तो शक्य झाला, कारण 'स्टारलाइट'च्या मंडळींचे लेखी संवाद शिल्लक होते. त्यांतून त्याचं बोलणं शब्दशः पुन्हा उभं करता आलं. आभासी वास्तवातल्या मोहिमेत असा आयता दस्तऐवज तयार होत नाही. बोलणं हवेत विरतं आणि हातवारे तर कुठेच नोंदले जात नाहीत.

पात्रांच्या बाबतीत थोडी सोय झाली आहे. जपानच्या ड्वांगो कंपनीने २०१८ मध्ये पुढे आणलेल्या 'व्हीआरएम' या खुल्या नमुन्यात अवताराची फाइल ठेवली, तर तो नमुना चालणाऱ्या कोणत्याही जगात तेच पात्र नेता येतं. उरलेलं काम गटाने करायचं आहे. त्यामुळे नवी मोहीम मांडणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत पात्रं आणि कथानक यांच्याबरोबर आणखी तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात: प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त कोण लिहिणार, अवतारांच्या मूळ फाइली कोणाकडे राहणार आणि हे जग उद्या बंद पडलं तर सगळ्यांनी पुढच्या शनिवारी कुठे जमायचं.